फोडणी बंद, देव कपाटात

“पंधरवड्यात बापाला कपाटात घातलंस?” आई एवढंच म्हणाली आणि दूध तापवायला आत गेली.

मी हॉलमध्ये स्टुलावर उभी. बाबांची चंदनाच्या हारासकटची फ्रेम चादरीत गुंडाळून आधीच कपाटात गेली होती, माझ्या हातात नुसता खिळा. रंगारी गेल्यावर आईने नव्या भिंतीत पहिला खिळा ठोकला होता तो याच फोटोसाठी. पण नाशिकच्या इंदिरानगरातलं आमचं रो-हाउस विकायला काढलंय, त्याचे फोटो मला वेबसाइटवर टाकायचे होते, आणि विकाऊ घराच्या फोटोत घरातल्या माणसांचे फोटो नसावेत हे मी अमेरिकेत, ओहायोत शिकले होते. तारखेकडे लक्षच गेलं नव्हतं. दोन दिवसांनी बाबांची तिथी.

हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगते. नवऱ्याची बदली झाली म्हणून मे महिन्यात आम्ही तिथलं कोलंबसचं घर विकलं. एजंट साठीची, अतिशय गोड बाई. पहिल्या भेटीत घरभर फिरली, सगळ्याचं कौतुक केलं आणि दाराशी जाताजाता म्हणाली, घराला जरा ‘राहता’ वास आहे. राहत्या घराला राहता वास नाही येणार तर काय! मला कळायला दोन मिनिटं लागली. फोडणी.

मग तीन आठवडे आमच्याकडे फोडणी बंद. पडदे धुतले, कार्पेटला शाम्पू झाला, सोफ्यावर बेकिंग सोडा भुरभुरून व्हॅक्यूम केला. हिंगाची डबी दोन पिशव्यांत बांधून गॅरेजमध्ये. रोज दहीभात, सँडविच, मायक्रोवेव्हमधले बटाटे. एका रविवारी नवऱ्याला राहवेना, त्याने गॅरेजमध्ये इंडक्शनची शेगडी मांडून, शटर अर्धं वर करून आमटीला फोडणी दिली. शेजारचं कुत्रं येऊन बसलं. चोरून दारू पितात तशी आम्ही ती आमटी प्यायलो.

आणि यात आमच्या फोडणीचा दोष तो किती? तिकडच्या कित्येक स्वयंपाकघरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. आमचाही तसलाच. हिवाळ्यात खिडकी उघडावी तर बाहेर बर्फ. नाशिकला सिंकवरची खिडकी उघडली की मोहरीचा वास थेट शेजारच्या काकूंकडे जातो आणि त्या “आज काय केलंय गं?” म्हणून विचारतात. प्रश्न मिटला. तर, ओपन हाउसच्या, म्हणजे कुणीही येऊन घर बघून जायच्या दिवशी आमच्या बाईंनी स्वतः आमच्या ओव्हनमध्ये दालचिनीच्या कुकीज भाजल्या, का तर घराला ‘घरासारखा’ वास यावा. दालचिनी आमच्या गोड्या मसाल्यातही असते हो. पण मसाल्यात गेली की तिचा वास येतो आणि कुकीत गेली की सुवास. हे मला अजून पचलेलं नाही.

देवघरही काढायला लावलं. मी जरा तिखटपणेच विचारलं, आम्ही हिंदू म्हणून का? ती शांतपणे म्हणाली, मी क्रॉससुद्धा काढायला लावते. येणाऱ्याला तुमचं नाही, त्याचं घर दिसलं पाहिजे. ते पुढे खरंही वाटलं. शेजारी कोण राहतात, देशी आहेत का, असं कुणी खोदून विचारलं तर ती उत्तरच देत नव्हती. 1968 चा फेअर हाउसिंग कायदा आहे. घर विकताना किंवा भाड्याने देताना धर्म, वंश, मूळ देश पाहून भेदभाव करायचा नाही, म्हणून एजंट मंडळी असल्या प्रश्नांच्या वाटेलाच जात नाहीत. इकडे ब्रोकरचा पहिला फोन आला तेव्हा त्याचा पहिलाच प्रश्न, “पार्टी कोणती चालेल?” आईने शांतपणे सांगितलं, व्हेज असली तर बरं. मी शेजारीच होते. बोलले नाही काही. घर तिच्या नावावर आहे, तिथे राहणार नसली तरी शेजारीण तिची आहे, असं स्वतःला सांगितलं.

एक गोष्ट मात्र तिकडची मनापासून आवडली. ओहायोत विकणाऱ्याला एक फॉर्म भरून द्यावा लागतो. छप्पर गळतं का, तळघरात पाणी येतं का, वाळवी होती का, आपल्याला जे माहीत आहे ते सगळं लिहून खाली सही करायची. घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं म्हणून त्याचा वेगळा कागद आणि माहितीपुस्तिका. आमचं 1974 चं. तळघराच्या कोपऱ्यात 2 वेळा पाणी आलं होतं, ते मी तारखेसकट लिहिलं. एजंट म्हणाली, छान लिहिलंत. मला उगाच राजा हरिश्चंद्राची लेक असल्यासारखं वाटलं.

आता नाशिक. हॉलची पश्चिमेची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते, कारण वर गच्चीतली पन्हळ तुंबते. रंगारी म्हणाला, “ताई, पाऊस संपू द्या. भिंत ओली आहे तोवर पुट्टी धरत नाही.” माझी रजा संपत होती. म्हटलं, मारा. मारली. वरून ऑफ-व्हाइट. कालनिर्णय काढलं, फ्रिजवरचे देव काढले, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर काढलं, टेबलावर काचेच्या वाडग्यात डझनभर लिंबं मांडली. फोटो झकास आले. ते पाहून ब्रोकर म्हणाला, “मॅडम, पक्षात कोण घर बघायला येतंय? घटस्थापनेनंतर बोला. आणि थांबायची तयारी असली तर 2027 च्या सिंहस्थापर्यंत थांबा, रेट कुठच्या कुठे जातील.” सिंहस्थाच्या नावावर नाशकात सध्या काहीही खपतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर बाबा भिंतीवर. आई त्यावर अवाक्षर बोलली नाही. मीही.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पहिली मंडळी आली. नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि मुलाचे आजी-आजोबा. घर सुनेच्या नावावर घेणार, बाईच्या नावावर स्टँप ड्युटीत 1 टक्का सुटतो. आईचा नवरात्राचा उपास. मी सकाळीच विनवून ठेवलं होतं की पाहुणे येऊन जाईपर्यंत गॅस पेटवू नकोस. ते चपला काढत होते तेव्हाच आतून तुपात जिरं तडतडल्याचा आवाज आला.

माझ्या ऑफ-व्हाइटकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सुनेचे यजमान फोनवरचं होकायंत्र घेऊन दाराची दिशा बघत होते. आजी तडक स्वयंपाकघरात, नळ सोडून बघितला, “पाणी किती वाजता येतं? टाकी केवढी?” आणि त्याच दमात, “तूप घरी कढवता वाटतं?” पाच मिनिटांत पाचही जणांच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा. मुलाने वाडग्यातलं एक लिंबू घेतलं, चेंडू करून.

आजोबा बाबांच्या फोटोसमोर थांबले. “कुठे होते?” मायको कंपनीत, आई म्हणाली. ते स्वतः ओझरला, एचएएलच्या विमान कारखान्यातून रिटायर. मग कंपनीच्या बसेस, सकाळची पहिली पाळी, त्या वेळी इंदिरानगर म्हणजे कसं गावाबाहेर वाटायचं, अशी वीस मिनिटं गेली. मला वाटलं, निभावलं.

उठताना त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर सबंध तळवा ठेवला. तापवालं कपाळ बघतात तसा. “रंग नवा आहे. खाली काय होतं?”

मी “रुटीन पेंटिंग” असं काहीतरी सुरू केलं. आईने मला पुरतं बोलूही दिलं नाही. पन्हळ कुठे तुंबते, ओल कुठवर चढते, वॉटरप्रूफिंग कधी केलं होतं आणि ते किती पावसाळे टिकलं, सगळं सांगितलं. वर त्यांना गच्चीत नेऊन जागा दाखवली. माझ्या बाजूने एवढंच म्हणते, की मला इथे कुणी फॉर्म दिला नव्हता.

गच्चीतून खाली येताना आजोबा म्हणाले, “मग वहिनी, ओलीचे दोन लाख कमी करा.”

“ओल सांगितली म्हणून कमी? भिंत न्याहाळलीत ती तुम्ही, पण कुठून येते ते मी दाखवलं. पन्हळ बदलायला दोन लाख लागतात होय?”

“बरं, दीड.”

“खिचडी घ्या अजून थोडी. दसरा होऊ दे, मग बोलू.”

मला दोघांनीही काही विचारलं नाही. मी उरलेली अकरा लिंबं उचलून फ्रिजमध्ये ठेवली.