धानीच्या सहा तारा

उतारवयात गिटार शिकायला बसलेल्या माणसाचे कान बोटांच्या फार पुढे निघून गेलेले असतात. लहानपणी गायनाच्या शिकवणीत पेटीवर अलंकार घोटलेले, पुढची चाळीस-पन्नास वर्षे रेडिओवरची भावगीते, गणपतीच्या मांडवातली नाट्यपदे आणि जमेल तेव्हा रात्रीच्या मैफली ऐकलेल्या. अशा माझ्यासारख्या बाईला नीट न दाबल्या गेलेल्या तारेची फरफर तत्काळ ऐकू येते, पण ती थांबवण्याइतके बळ बोटांत नसते. क्लासमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या तिसरीतल्या मुलाला ही अडचण मुळीच नाही. सहापैकी चार तारा वाजल्या तरी त्याच्या लेखी कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेला स्वरांचा मेळ, वाजलेला असतो, आणि तो खुशाल पुढच्या कॉर्डकडे वळतो. मुलांची बोटे लवचीक असतात म्हणून ती वाद्य लवकर शिकतात, असे सगळे म्हणतात. मला मात्र यातले निम्मे श्रेय त्यांच्या उदार कानांना द्यावेसे वाटते.

पेटी येत होती तर निवृत्तीनंतर तीच का नाही काढली, असे घरात आणि घराबाहेर बऱ्याच जणांनी विचारले. पेटी समोर ठेवून वाजवायची असते. गिटार कुशीत घ्यावी लागते. खर्जाची तार छेडली की लाकडाचा कंप आधी बरगड्यांना कळतो आणि मग कानाला. हे सुख कोणी सांगून ठेवले असते, तर मी पेन्शन सुरू होण्याची वाट पाहिली नसती.

वाद्य घेताना पहिला निर्णय तारांचा करावा लागतो. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सत्तर किलोंच्या आसपास ताण असतो आणि नायलॉनच्या तारांवर साधारण त्याच्या निम्मा, एवढे कळल्यावर माझा निर्णय झाला. नायलॉनच्या तारा तशा अलीकडच्या. स्पेनमधल्या अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने एकोणिसाव्या शतकात आजच्या क्लासिकल गिटारीची घडण बसवली, तेव्हा तिच्यावर जनावराच्या आतड्यापासून केलेली तात चढत असे. दुसऱ्या महायुद्धात ही तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेनाशी झाली. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या, आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने त्या उचलून धरल्या. माझ्या मऊ पडलेल्या बोटांवर त्या युद्धकाळातल्या टंचाईचे असे लांबचे उपकार आहेत. तरीही डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडायचे ते पडलेच. आता पोळीचा चटका तर्जनीला उशिरा कळतो, आणि मोबाइलला माझ्या बोटाचा ठसा कधीकधी ओळखता येत नाही.

गिटार सुरात लावायला शिकवतात ते इंग्रजी अक्षरांनी. जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई. मुले हे पाढ्यासारखे म्हणतात. माझ्या डोक्यात ही अक्षरे काही केल्या राहीनात, म्हणून मी ती सरगमात बसवून पाहिली. जाड ई हा षड्ज मानला तर पुढची तार शुद्ध मध्यमाची निघते, तिच्या पुढची कोमल निषादाची, मग वरच्या सप्तकातला कोमल गांधार, पंचम आणि शेवटी पुन्हा षड्ज. सा, ग, म, प, नी, त्यातले गांधार आणि निषाद कोमल. हा तर धानी! काही गवई उतरताना ऋषभाला स्पर्श करतात तेवढा सोडला, तर सगळा राग मोकळ्या तारांत आयता बसलेला आहे. डावा हात गिटारीला न लावता, नुसत्या उजव्या अंगठ्याने, मी त्या दिवशी बराच वेळ धानी छेडत बसले होते.

अर्थात गिटार घडवणाऱ्यांच्या मनात धानी नव्हता. लागोपाठच्या दोन तारांत षड्ज-मध्यमाचे अंतर ठेवायचे, फक्त बारीक तारेकडून मोजल्यास तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेमध्ये षड्ज-गांधाराचे, म्हणजे एका हाताच्या चार बोटांच्या आवाक्यात बहुतेक कॉर्ड येतात, एवढाच त्यामागचा व्यवहार. त्या व्यवहारातून आपला एक राग तयार व्हावा, याची गंमत मात्र जन्मभर सरगम कानात असलेल्या माणसालाच कळणार. मी ती उत्साहाने सरांना सांगितली. सर जेमतेम पंचविशीचे आहेत, मला ‘काकू’ म्हणतात, आणि मी त्यांना सगळ्या वर्गाप्रमाणे ‘सर’च म्हणते. ते म्हणाले, “काकू, याला ई मायनर पेंटाटॉनिक म्हणतात, रॉकची निम्मी सोलो यातच असतात.” म्हणजे पाच स्वरांच्या या धानीला मी समजत होते त्याहून बरेच मोठे गणगोत आहे.

याच कानाने दुसरीकडे मात्र त्रास दिला. गिटारीच्या मानेवर फ्रेट, म्हणजे धातूचे आडवे पडदे, ठोकून बसवलेले असतात. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले, बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी नेमकी निम्मी झालेली. ही वाटणी सगळ्या पट्ट्यांना सोयीची असली, तरी पंचम सोडल्यास बहुतेक स्वर थोडेथोडे सरकलेले राहतात, आणि सर्वांत जास्त खुपतो तो गांधार. तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याच्या मानाने फ्रेटवरचा शुद्ध गांधार चढा असतो. अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका. पेटीचेही हेच दुखणे. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंद केलेले दार १९७१ मध्ये किलकिले होईपर्यंत तिच्यावर जे आक्षेप घेतले जात, त्यांत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही याच्या जोडीला हा आक्षेपही असे. आपल्याकडच्या मोठ्या वादकांनी यातून सरळ वाट काढली. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारेवरून पोलादी पट्टी फिरवली, विश्वमोहन भट्टांनी त्याच मार्गाने मोहनवीणा घडवली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवले. फ्रेटला बोट लागतच नाही म्हटल्यावर तक्रारीला जागा उरली नाही. मी गिटार उभी धरून, फ्रेटवरच बोटे ठेवून वाजवते, तेव्हा चढा गांधार मला पत्करावा लागतो. आता तो फारसा खुपतही नाही, आणि माझे कान बिघडले की निवळले याचा निवाडा मी गायन शिकवणाऱ्या मैत्रिणीसमोर नेलेला नाही.

मेंदूच्या अभ्यासकांनी १९९५ मध्ये तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांची तपासणी करून दाखवले की त्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी राखलेली जागा इतरांपेक्षा मोठी असते, आणि जितक्या लहान वयात सुरुवात तितकी ती जास्त मोठी. उशिरा शिकणाऱ्यांना धीर देणारे लेख लिहिणारे यातला पहिला भाग सांगतात आणि दुसरा गिळतात. माझ्या मेंदूत आता करंगळीसाठी फार मोठा प्लॉट निघणार नाही, हे मी मान्य केले आहे. बाकीच्या तीन बोटांचे मात्र बरे चालले आहे. सी कॉर्डवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मधल्या बोटाच्या खाली, जाऊन बसते. सुरुवातीला ती उठली की बाकीची दोन्ही बोटेही तिच्याबरोबर उठत. ती दोन्ही स्थिर राहू लागली आणि पहिल्यांदा दोन कॉर्ड तालात एकामागोमाग एक निघाले, तेव्हा मी चहा गॅसवर ठेवून विसरले होते. एफची गोष्ट वेगळी. तिथे एकाच तर्जनीने सहाच्या सहा तारा आडव्या दाबायच्या असतात. मी बारीकडच्या चार तारांवरचा छोटा एफ वाजवते, आणि सरांनी त्याचे नाव ‘काकूंचा एफ’ असे ठेवले आहे.

ग्रेडच्या परीक्षांना बसा असे सर सुचवतात. मी बसणार नाही. आयुष्यात खातेअंतर्गत परीक्षा पुष्कळ दिल्या, आणि हाताखालच्यांच्या घेतल्याही. इथे मला गाण्याला साथ करायची आहे, आणि गाणे घरातच आहे. माझे यजमान काळी एकमध्ये गातात, मी काळी चारमध्ये. पहिल्या फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा कॅपोचा चिमटा लावला की सीच्या आकारातून काळी एक निघते आणि जीच्या आकारातून काळी चार, त्यामुळे आमच्या दोघांच्या पट्टीसाठी तो चिमटा हलवावादेखील लागत नाही. भूपाच्या अंगाने बांधलेली भक्तिगीते मराठीत उदंड आहेत आणि ती नवशिक्याला फार मानवतात. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. सी हा षड्ज धरला तर सी कॉर्डमध्ये सा, ग, प आहेत आणि ए मायनरमध्ये ध, सा, ग. एकही परका स्वर नाही. शाळेतल्या बँडच्या थाटात मध्येच एफ किंवा जी घातला, तर एफबरोबर मध्यम आणि जीबरोबर निषाद आत येतो आणि भूप बिघडतो. ज्या दोन कॉर्डांत एकच बोट हलवावे लागते, त्याच दोन कॉर्डांवर सबंध राग निभावून जावा, याहून म्हाताऱ्या विद्यार्थ्याचे आणखी काय लाड व्हायला हवेत?

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की आम्ही बसतो. माझा कॉर्ड उशिरा पडला तर यजमान आलाप लांबवून सांभाळून घेतात, आणि ते पट्टी सोडून भरकटले तर मी सी जरा जोरात वाजवते. सध्या यमन चालू आहे. यमनात सीनंतर डी मेजर घेतला की त्याच्या पोटात तीव्र मध्यम येतो. तो पहिल्यांदा लागला तेव्हा गाणे थांबवून त्यांनी “हे पुन्हा वाजव” म्हटले, आणि मी चार-पाचदा वाजवले. आता त्यांना भैरवी हवी आहे. चार कोमल स्वरांना कोणते कॉर्ड चालतील हे सरांना विचारायचे म्हणून त्यांनी कॅलेंडरच्या मागे त्यांच्या आवडत्या भैरव्यांची यादी करायला घेतली आहे, आणि ती पानाच्या खालपर्यंत आली आहे.