दुहेरी कडांचं कारण सापडलं: आरसा!

मागच्या वेळी सारसाचा (लांब मानेच्या क्रौंचाचा) एक फोटो टाकला होता. ट्रायपॉडवरून काढलेला, तरी चोचीला वरखाली दोन कडा. तो धक्का कॅमेऱ्यातल्या, लेन्समागच्या आरशाचा होता!

गोंदियाकडच्या त्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर (जागा मुद्दाम सांगत नाही, जोडीला त्रास नको) पहाटे ३०० मिमीच्या लांब लेन्सला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० करूनही शटर १/३० सेकंदाच्या वर जात नाही. क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) हातात धरून काढायचं तर १/५०० तरी हवं, म्हणून ट्रायपॉड. व्हीआर (लेन्समधली हातथरथर कमी करणारी सोय) बंद केला, तेच. पाळीची माती मऊ, म्हणून पाय दगडावर टेकवले, तेच. मधला दांडा पूर्ण खाली घेतला, वाऱ्यानं झुलणारी वजनाची पिशवी काढली, तरी तेच.

शेवटी कोठ्याच्या भिंतीवर पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं आणि १/२५० पासून १/४ पर्यंत उतरत गेले. १/२५० ला अक्षर न् अक्षर स्वच्छ. १/४ लाही बरंच वाचता येतं. घोळ फक्त १/६० ते १/१५ मध्ये, आणि अक्षरं फाटतात ती वरखालीच. शटर उघडण्याआधी आरसा वर आपटतो, त्याची थरथर लांब लेन्समध्ये क्षणभर राहते. १/४ ला ती एक्स्पोजरचा छोटा भाग असते. १/३० चं बहुतेक एक्स्पोजर तिच्यातच संपतं.

आता मिरर-अप: केबल रिलीज (तारेचं बटण) एकदा दाबायचा की आरसा वर, दोन सेकंद थांबायचं, पुन्हा दाबायचा की फोटो. परवा सारस मान उंचावून थांबला तेव्हा १/३० लाच काढला. डोळ्याची कड एकच, धारदार! किती वेळ झूम करून बघत बसले. लाइव्ह व्ह्यूनेही (मागच्या पडद्यावर बघून, आरसा आधीच वर ठेवून) काम होतं, पण काही बॉडी त्यातही आरसा पुन्हा खालीवर करतात, आवाज ऐकून घ्या.

गिंबल हेड (जड लेन्स तोलून धरणारं ट्रायपॉडचं डोकं) मागवणार होते, ते आता थांबवते. हलक्या पायांवर महागडं हेड म्हणजे पैसा वाया. जमिनीवरून काढायला बीनबॅगच (दाणे भरलेली, लेन्सखाली ठेवायची पिशवी) बरी. माझ्या पिशवीत लाखोळी आहे. दाणे कोनदार, म्हणून एकमेकांत अडकून बसतात. जवस घसरतं, लेन्स हळूहळू खाली जाते.

लिहिता लिहिता सुचलं: हीच पिशवी ट्रायपॉडवरच्या लेन्सच्या पाठीवर ठेवली तर? वजनानं थरथर लवकर मरायला हवी, आणि सारस चालायला लागला तर दोन सेकंद थांबावंही लागणार नाही. उद्या मिरर-अप न लावता, त्याच पानावर, १/३० ला करून बघते.

सकाळी दहानंतरचे फोटो ट्रायपॉडवरही धूसर का, असंही विचारलं होतं: कारण बांधीवरून (धानाच्या शेतावरून) उठणारी गरम हवा. तिथे ट्रायपॉड काही करू शकत नाही, लवकर जा.