लिनक्स मिंटवर पेन टॅबलेट आणि देवनागरी सुलेखन, माझा अनुभव

मी सुलेखन करते, बोरू आणि कट निबने, बहुतेक काम लग्नपत्रिकांचं. कागदावर लिहायचं, स्कॅन करायचं, मग कडा साफ करत बसायचं यात अर्धा दिवस जायचा, म्हणून शेवटी पेन टॅबलेट (सपाट पाटी, तिच्यावर पेनने लिहिलं की स्क्रीनवर उमटतं) घेतला, वन बाय वॅकॉमचा छोटा, सीटीएल-४७२. लॅपटॉपवर भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकून दिलेली आणि दुकानात सांगितलेलं की लिनक्सवर हा चालणार नाही, त्यामुळे धाकधूक होती. पण केबल लावली, पेन टेकवलं आणि कर्सर हलला! वॅकॉमचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. क्रिटा या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये पेनचा दाबसुद्धा लगेच कळत होता.

मग लिहायला बसले आणि अक्षर माझं वाटेचना. क ची पोटं आडवी पसरलेली, व चपटा. मला वाटलं हाताला सवय नाही, दोन संध्याकाळी गिरवण्यात घालवल्या, तुम्ही असं करू नका, आधी डबीचं प्लास्टिकचं गोल झाकण टॅबलेटवर ठेवून त्याच्या कडेने पेन फिरवा. माझ्या स्क्रीनवर गोलाच्या जागी उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद अंडं आलं, म्हणजे हाताचा दोष नव्हताच. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडलेला होता आणि १५२ बाय ९५ मिलिमीटरचा टॅबलेट दोन्ही स्क्रीनवर मिळून ताणला जात होता.

भाच्याला फोन केला, तो म्हणाला मावशी टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघड, घाबरू नको. तिथे एक्सरँडर (xrandr) लिहिलं की स्क्रीनची नावं दिसतात, माझ्या मॉनिटरचं एचडीएमआय-१ होतं. मग एक्ससेटवॅकॉमला (xsetwacom, टॅबलेटच्या सेटिंगची कमांड) डिव्हाइसची यादी मागायची, त्यात ज्या नावाच्या शेवटी स्टायलस आहे ते आपलं पेन, आणि त्याला मॅपटूआउटपुट (MapToOutput) एचडीएमआय-१ असं सेट करायचं, म्हणजे पेन फक्त त्या स्क्रीनवर चालतं. नाव यादीत आहे तस्संच, अवतरणचिन्हात.

अंडं बरंच गोल झालं पण पूर्ण नाही, आणि इथे बरेच जण थांबतात कारण नुसतं चित्र काढताना हा फरक जाणवत नाही. टॅबलेट १६:१० आहे, मॉनिटर १६:९, म्हणजे १०० उंचीला साधारण १११ रुंदी येते. सुलेखनात एवढ्याने अक्षराचा तोल जातो. उपाय असा की टॅबलेटचा खालचा थोडा भाग सोडून द्यायचा. एक्ससेटवॅकॉममध्येच टॅबलेटचा वापरायचा भाग, म्हणजे एरिया, सेट करता येतो, पूर्ण एरिया ० ० १५२०० ९५०० असतो (शेवटचे दोन आकडे रुंदी आणि उंचीचे), तो मी ० ० १५२०० ८५५० केला (१५२०० गुणिले ९ भागिले १६). परत झाकण फिरवलं, चोख गोल!

आता बोरूचा प्रश्न. पेन टॅबलेट म्हटलं की सगळे दाबाचं कौतुक सांगतात, याला २०४८ लेव्हल आहेत वगैरे, पण देवनागरीचं जाड-बारीक दाबाने येत नाही, ते बोरूच्या तिरक्या कापातून येतं. म्हणून क्रिटामध्ये एफ५ दाबून ब्रश एडिटर उघडला, साइझ आणि ओपॅसिटी दोन्हीवरचा दाब बंद केला, ऑटो ब्रशमध्ये चौकोनी टोक घेतलं, रेशो ०.१५ करून त्याची चपटी पट्टी केली आणि अँगल ४५ च्या आसपास. कोन कुठल्या बाजूला झुकवायचा ते वहीतला बोरूने लिहिलेला क शेजारी ठेवून ठरवलं, फिरवत राहिले आणि एका क्षणी वळणं जुळली. स्पेसिंग (ब्रशच्या ठशांमधलं अंतर) अगदी कमी ठेवा नाहीतर कडेला दाते दिसतात. स्टॅबिलायझर (हाताची थरथर कमी करणारी सोय) मी लावत नाही, रेघ हाताच्या मागून येते आणि वेलांटीचा झोक मरतो.

पेनच्या एका बटणाला कंट्रोल झेड दिलंय, त्याने फार वेळ वाचतो.

एक त्रास म्हणजे रीस्टार्ट केलं की एक्ससेटवॅकॉमची सेटिंग जातात. त्या ओळी एका फाइलमध्ये टाकून स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये लावल्या, १० सेकंदांचा डिले देऊन. केबल मध्येच काढली तर मात्र ती फाइल परत चालवावी लागते. आणि लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती आहेत, एक्स११ आणि वेलँड, हे सगळं एक्स११ वरचं आहे, वेलँडवर एक्ससेटवॅकॉम चालत नाही, तिथे डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये टॅबलेटचं पान असतं ते बघायचं.

मागच्या आठवड्यात पहिली पत्रिका पूर्ण यावर केली, ए५, ३०० डीपीआय. 'श्री गजानन प्रसन्न' अकरा वेळा लिहिलं, त्यातलं सातवं ठेवलं.