श्रेबर डॉक्टरांच्या नावाच्या बागा

जर्मनीतल्या लाइपझिगला बहुतेक लोक संगीतकार बाखच्या ओढीने येतात. थॉमस चर्च मीही पाहिलं, पण दुपारी ट्रामने वाल्डप्लात्झला उतरलो ते एका डॉक्टरसाठी. जर्मनीत रेल्वेच्या खिडकीतून रुळांलगत कुंपण घातलेल्या छोट्या बागा दिसतात, प्रत्येकीत एक लाकडी खोपटं. लोक त्यांना सर्रास श्रेबरगार्टन, म्हणजे श्रेबरची बाग, म्हणतात. गंमत अशी की डॉ. मोरिट्झ श्रेबर (१८०८-१८६१) यांनी अशी एकही बाग काढली नाही.

आखेनर श्ट्रासेवर या बागांचं संग्रहालय आहे. श्रेबर अस्थिरोगतज्ज्ञ होते. घरच्या घरी, साधनांशिवाय करायच्या व्यायामांचं त्यांचं सचित्र पुस्तक १८५५ साली आलं आणि धो धो खपलं. इथवर डॉक्टर मला आवडतात. पण मुलांच्या संगोपनावर लिहायला बसले की त्यांच्यातला हेडमास्तर जागा होतो. लिहिताना मूल वाकू नये म्हणून टेबलाला जोडायची लोखंडी दांडी त्यांनीच काढली. त्यांचा मुलगा पाउल न्यायाधीश झाला, पुढे वेड्यांच्या इस्पितळात गेला. त्याने लिहिलेल्या आठवणींवर मनोविश्लेषक फ्रॉइडने १९११ मध्ये निबंध लिहिला. बापाच्या शिस्तीचा त्यात किती हात, हा वाद अजून मिटलेला नाही.

मग बागा आल्या कुठून? १८६४ मध्ये, श्रेबर जाऊन तीन वर्षं झाल्यावर, हाउशिल्ड नावाच्या शाळाप्रमुखांनी पालकांची संस्था काढली आणि तिला दिवंगत डॉक्टरांचं नाव दिलं. संस्थेने मुलांसाठी मैदान केलं. काही वर्षांनी गेझेल या शिक्षकाने मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलं ती मुलंच! चार दिवस कौतुक, मग वाफ्यांत तण माजलं. शेवटी खुरपी आईबापांनी हाती घेतली, मग कुंपणं आली, खोपटी आली, आणि मुलांचे वाफे घरच्यांच्या बागा झाल्या. डॉक्टरांच्या सगळ्या शिस्तीपेक्षा मला हा पोरांचा कंटाळाच जास्त फळलेला वाटतो.

आता मात्र या बागांनाही जर्मन शिस्त आहे: जागा साधारण ४०० चौरस मीटरपर्यंत, खोपटं ओट्यासकट २४ चौरस मीटरच्या आत, त्यात कायमचा मुक्काम नाही, आणि नुसती हिरवळ राखून भागत नाही, भाजी-फळं लावावीच लागतात.

संग्रहालय लहान आहे, तासाभरात होतं. जायचं तर वेळा आधी बघा आणि उन्हाळ्यात जा. खरं बघण्यासारखं बाहेरच्या बागांमध्ये आहे.