तुम्ही विचारलंत म्हणून: मीटिंग सापडते कशी?

दर दोन-चार दिवसांनी कोणीतरी विचारतंच, एएची मीटिंग कुठे असते, कशी शोधायची, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचं पहिलं वाक्य असतं "माझ्या एका मित्रासाठी विचारतोय". मी हसत नाही, कारण मीपण पहिला फोन केला तेव्हा हेच बोललो होतो, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून, आवाज बारीक करून. पलीकडचा माणूस म्हणाला, "मित्राला घेऊन या. तो नाही आला तर तुम्ही एकटे या, चहा असतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस. दारू सोडायची इच्छा असली की झालं, फी नाही, फॉर्म नाही, आडनावसुद्धा कोणी विचारत नाही. भारतातल्या एएची वेबसाइट आहे, तिथे शहराप्रमाणे मीटिंगा मिळतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची १४४४६ ही फ्री हेल्पलाइन आहे, तिथेही जवळपासची मदत विचारता येते. पण यादी बघून थेट निघू नका, आधी फोन करा. बऱ्याच मीटिंगा शाळांच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये भरतात, मग दिवाळीची नाहीतर मेची सुट्टी लागली की जागा किंवा वेळ बदलते, आणि कसाबसा धीर गोळा करून गेलेल्या माणसाला कुलूप दिसलं ना, की तो परत येत नाही, सरळ कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातो. माझं झालंय हे, म्हणून सांगतो. फोनवर भाषा विचारून घ्या, मराठी का हिंदी का इंग्लिश, आणि मीटिंग ओपन आहे का क्लोज्ड तेही विचारा. ओपनला घरचं कोणी सोबत चालतं, क्लोज्ड फक्त आपल्यासारख्यांसाठी.

दुसऱ्या वेळी मी गेलो ती महापालिकेची शाळा होती. गेटवर पाटीबिटी काही नाही. दोन चकरा मारल्या, मग वॉचमनला विचारलं, "इथे पालकसभा आहे का हो?" त्याने मोबाइलमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही. "पालकसभा सकाळी असते. तुमची दुसऱ्या मजल्यावर, तिसरी ब."

तिसरी ब म्हणजे तिसरीचीच बाकं. गुडघे बसेनात म्हणून मी तिरका बसलो, समोर भिंतीवर पाढे, आणि टेबलावर स्टीलची किटली. खुर्चीवर डॉक्टर किंवा काउन्सेलर असेल असं वाटलं होतं, तर तिथे रिक्षावाले एक काका होते. ही पद्धत मुळापासून अशीच आहे, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. सर्जनसुद्धा तिथे पेशंटच होता बघा.

एक जण बोलायला उठला, बाटली कुठे कुठे लपवायचो ते सांगत होता, आणि सगळे हसत होते. मी क्वार्टर माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात ठेवायचो, वर्षातून एकदाच उघडतं म्हणून. श्रावण संपत आला तेव्हा बायकोने मखर काढायला खोकं उघडलं, सात रिकाम्या निघाल्या, ती काहीच बोलली नाही, पिशवीत भरल्या आणि मखर पुसायला घेतलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही सांगितलं, तिसऱ्या मीटिंगला सांगितलं. बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकून उठलात तरी चालतं. शेवटी पैशाची टोपली फिरली, मी शंभरची नोट काढली तर शेजारच्याने हात धरला, "पहिल्यांदा आलात ना, राहू द्या."

एक गोष्ट मात्र मस्करीत घेऊ नका. रोज भरपूर पिणारा असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. अचानक सोडल्यावर नुसते हात थरथरत नाहीत, फिट येते, भास होतात, माणूस जाऊपण शकतो. मीटिंग म्हणजे औषध नाही. ॲडमिट व्हायची गरज असेल तर व्हा, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथून बाहेर पडून मीटिंगला येणारेही खूप भेटतात.

आणि ताई, तुम्ही रात्री दीड वाजता मेसेज करता ना की यांना कसं घेऊन जाऊ, तर ओढून नेऊ नका. तुम्ही स्वतः अल-अनॉनला जा, ते घरच्यांसाठीच असतं, ते आले नाहीत तरी तुम्ही जाऊ शकता. माझी बायको माझ्याआधी चार महिने जात होती, मला वाटायचं भजनीमंडळ लावलंय.

पहिल्या मीटिंगला जमलं नाही, माणसं पटली नाहीत, तर दुसरी शोधा, मीपण तीन बदलल्या. झूमवरपण असतात, पण माझं मत विचाराल तर एकदा तरी खरी बघा, तो चहा स्क्रीनवर मिळत नाही.

बाकी तुमचा तो मित्र कुठल्या एरियात राहतो तेवढं कळवा. आमच्याकडचा असेल तर शनिवारी साडेसातला मी शाळेच्या गेटसमोर वडापावच्या गाडीपाशी असतो, वर सोबत जाऊ.