उद्यासाठी काढलेले कपडे

उद्या पहाटे सायकलवर निघायचंय. अंदाज असा की सुरुवातीला १० अंश, दुपारी २२, आणि मधे एखादी सर. खुर्चीवर कपड्यांचा ढीग पडलाय.

जाड जॅकेटावर आधीच काट मारली. मला थंडीपेक्षा घामाची धास्ती जास्त. पेडल मारताना शरीर जेवढी ऊर्जा खर्चतं, त्यातली जेमतेम पाव कामाला येते. उरलेल्याची उष्णताच होते. म्हणजे चढावर आपण चालती भट्टी. जाड जॅकेटात आतून भिजायचं आणि पुढच्या उतारावर त्याच ओल्या कपड्यांत काकडायचं! अंगातली ऊब पाणी हवेच्या जवळजवळ २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून सुती बनियन बाद. अंगालगत पातळ मेरिनो लोकर. पॉलिएस्टर लवकर वाळतं, मान्य. पण संध्याकाळी त्याच्या वासाजवळ बसवत नाही.

वर अर्ध्या बाह्यांची जर्सी आणि आर्म वॉर्मर. या सुट्या बाह्यांवर माझा फार जीव. चढ लागला की न थांबता मनगटापर्यंत सरकवायच्या, गार वाटलं की पुन्हा वर ओढायच्या. डावीची आतली सिलिकॉनची पट्टी झिजलीय, दंडावरून घसरते. जर्सीच्या बाहीत नीट खोचून बघतो.

खरा भरवसा बंडीवर. पुढून वारा अडवणारं कापड, पाठीला जाळी, घडी केली की मुठीएवढी. १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा अंगावर आला की गारठा ६-७ अंशांसारखा लागतो, आणि उतारावर वेग त्याहून जास्तच. पूर्वी शर्यतीतले सायकलपटू चढाच्या माथ्यावर वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर खोचायचे, ते याचसाठी. बंडी माथ्यावरच थांबून चढवायची. उतार सुरू झाल्यावर हात सोडून बंडीची चेन जुळवत बसणं, नको रे बाबा.

पावसाच्या जॅकेटापाशी अडलोय. घामाची वाफ बाहेर सोडतं म्हणतात, पण जोराच्या चढावर आत कोंडतंच. घेतो, पण खिशात. सर गेली की लगेच काढणार.

गुडघे झाकायचे, त्यात वाद नाही. निघताना दहा मिनिटं थोडं कुडकुडायला माझी हरकत नसते; बोटांचं मात्र तसं चालत नाही. ती बधिर झाली की ब्रेक किती दाबलाय तेच कळत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे वर काढून ठेवलेत, अर्धे खिशात.