फार्गोच्या पोटात टाटा : आमची वाटचाल

जुन्या पेट्रोल ट्रकमधलं इंजिन उतरवायला अर्धा दिवस लागतो, त्या जागी दुसरं, डिझेलचं चढवायला दोन दिवस. बाकीचे पंधरा-वीस दिवस ज्या कामात जातात ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि नेमके त्याच कामाचे पैसे देताना तो कां-कूं करतो. आमचं दुकान त्या न दिसणाऱ्या कामावर उभं राहिलं. एकदा ते बुडायला आलं, तेही दुसऱ्या कुणीतरी तेच काम गाळलं म्हणून.

१९७८ साली वडिलांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये सुरुवात केली. तात्या भागीदार. वडील फिटर, तात्या लेथवर. एक सहा फुटी जुना लेथ, दोन टनी चेन कप्पी, सागवानी तिवई आणि रिंग पान्यांचा एक सेट, एवढंच भांडवल. लेथचा बेड मधोमध झिजलेला होता, पण तात्याच्या हाताला ती झीज पाठ होती. कुठे किती दाबायचं हे तो बघत नसे, ऐकत असे.

त्या वेळी रस्त्यावर डॉज, फार्गो, डिसोटो या पेट्रोलच्या मालगाड्या, म्हणजे ट्रक, पुष्कळ होत्या. तिन्ही प्रीमियरच्या, मुंबईत कुर्ल्याला बनलेल्या. नावं तीन, गाडी एक. चासी दणकट, इंजिन मऊ चालणारं. पण १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल इतकं महागलं की मालकाचा ट्रिपचा हिशेबच बसेना. डिझेल स्वस्त, शिवाय लिटरमागे चाल जास्त. नवी टाटा घ्यायची ऐपत नाही आणि चासी अजून वीस वर्षं जाईल अशी. मग इंजिनच बदलायचं.

कंपनीतूनच पर्किन्सचं डिझेल इंजिन घेऊन आलेल्या फार्गोही होत्या. त्यांचं इंजिन मिळालं तर काम सोपं व्हायचं, पण ते मिळायचं क्वचित. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात मिळायचं ते टाटाचं ६९२, अपघाती गाड्यांतून निघालेलं. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, म्हणून ६९२. वडिलांचं म्हणणं, टाटाच घालायचं, कारण ज्या गावात चहाची टपरी आहे तिथे टाटाचा नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, खोलणारा माणूस आहे.

पहिली गाडी आबांची. आबा गुळाचे वाहतूकदार. मार्केट यार्डातून गूळ भरायचा, आंबा घाटाने रत्नागिरी, येताना चिरा नाहीतर कौलं. वडिलांना म्हणाले, "मिस्त्री, गाडी जुनी हाय, पण माझी हाय. घाटात उभी ऱ्हायली न्हाई पायजे." पैसे तीन हप्त्यांत ठरले.

टाटाचं बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला गिअरबॉक्स जोडणारं कवच, फार्गोच्या गिअरबॉक्सला लागत नाही. बोल्टांचं वर्तुळ वेगळं, क्लच शाफ्टची लांबी वेगळी. मध्ये सहा सुती, म्हणजे पाऊण इंच जाड, प्लेट घालावी लागते. तात्याने ती चार दिवस खपून कापली. गाडी निघाली आणि अकराव्या दिवशी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग गेलं. बदललं. पुन्हा नवव्या दिवशी गेलं. आबांनी तोंडातून शब्द काढला नाही, गाडी ओढून आणून दारात लावली आणि समोरच्या कट्ट्यावर बसून राहिले.

वडिलांनी ओळखीच्या एका कारखान्यातून डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारा काट्याचा मापक, मागून आणला. स्टँड फ्लायव्हीलवर, टोक प्लेटच्या भोकाच्या आतल्या कडेला, आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, हाताने एक पूर्ण फेरा. काटा चौदा थाऊ हलला, म्हणजे सेंटर सात थाऊ सरकलेलं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोळ्याला न दिसणारं एवढंसं अंतर दर फेऱ्याला बेअरिंग तिरपं रेटत होतं. प्लेट बोल्टांच्या भोकांवर भरवसा ठेवून बसवली होती, ही चूक. बोल्ट आवळतो, जागा धरत नाही. जागा डॉवेल पिन धरते, भोकात घट्ट बसणारी खुंटी. त्या दिवसापासून आमच्याकडे काटा पाच थाऊच्या वर गेला की प्लेट परत लेथवर जाते, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. ज्यांनी नवा धंदा काढलाय त्यांना सांगतो, पाना नंतर घ्या, आधी डायल घ्या. आणि भोकाबरोबर प्लेटचा चेहराही तपासा. सेंटर बरोबर असून तोंड तिरकं असलं तरी बेअरिंग जातंच.

त्या एका गाडीने आम्हाला बाकी सगळं शिकवलं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीला एक पाटा वाढवला. रेडिएटर मोठा केला. पेट्रोलवर गाडी ज्या फेऱ्यांना पळायची तेवढे फेरे डिझेल घेत नाही, ६९२ मिनिटाला दोन हजार आठशे फेऱ्यांच्या आसपास थांबतं. आबा म्हणाले, चढाला हत्ती आणि माळावर म्हैस. मग क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या धुऱ्यातली दातेरी चाकं, बदलून रेशो उतरवला.

आणि ब्रेक. हे नीट वाचा. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटला की मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते, त्याच ओढीवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारा डबा, चालतो. डिझेलला थ्रॉटलची झडपच नाही, ओढ येणार कुठून? वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो. नाही बसवला तरी गल्लीत गाडी थांबते, कारण पाय जोरात मारला तर रिकामी गाडी बूस्टरशिवायही उभी राहते. भरल्या गाडीला घाटात तेच पेडल दगड होतं. वडील पंपाशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडत नसत.

आमच्याकडे चार वर्षं शिकलेला एक मुलगा होता. हात चांगला, घाई फार. १९८४ मध्ये त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. त्याबद्दल राग नाही, उद्यमनगर असंच वाढलंय. पण तो आमच्यापेक्षा बराच स्वस्तात काम घेऊ लागला, आणि स्वस्त कसं पडतं ते आम्हाला कळेना. दोन वर्षांनी कळलं. त्याने इंजिन बदललेली एक गाडी भरल्या खताने आंबा घाट उतरत होती. ब्रेक लागेना. ड्रायव्हरने गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली म्हणून खाली गेली नाही. क्लीनरचा पाय मोडला. गाडीत व्हॅक्यूम पंप नव्हता.

पंचनाम्यात गाडी खोलली तेव्हा प्लेटवर आमच्या नंबर पंचचा ठसा निघाला. तात्या रविवारी लेथवर त्याच्यासाठी प्लेटा कापून देत होता, वडिलांना न सांगता. आमच्याच मापाने, आमच्याच नंबर पंचने. पोलिसांना खरं काय ते कळलं, आमच्यावर काही आलं नाही. पण मार्केट यार्डात पंचनामा कोण वाचतो? "त्यांचीच प्लेट होती" एवढंच फिरलं. शेडमध्ये पाच गाड्या होत्या, त्यातल्या चार अर्ध्या खोललेल्या अवस्थेत मालकांनी ओढून नेल्या. सात महिने एक नवं काम आलं नाही. आईच्या पाटल्या गेल्या. लेथ विकायची बोलणी झाली, माणूस माप घेऊन गेला. ज्याने पंप गाळला त्याचं दुकान मात्र त्याच महिन्यात गल्लीतून हमरस्त्यावर गेलं. आज त्याच्या फलकावर "कोल्हापुरातील पहिले डिझेल कन्व्हर्जन" असं लिहिलंय. हे मला अजून सहन होत नाही आणि होणारही नाही. पहिली गाडी आबांची होती आणि ती आमच्या शेडमधून निघाली.

तात्याला वडिलांनी एकच विचारलं, "मला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं का?" तात्या गप्प. त्याचा हिस्सा देऊन भागीदारी मोडली. माझं मत वेगळं होतं, मी त्याला एक रुपया दिला नसता.

लेथ वाचला तो आबांमुळे. एका सकाळी ते फार्गो घेऊन आले, गुळाने भरलेली. "मिस्त्री, बसा. आंबा उतरून येऊ." वडील क्लीनरच्या जागेवर बसले. आबांनी पायथ्याच्या साखरप्यापर्यंत घाट उतरवला, प्रत्येक वळणावर ब्रेक दाबून, आणि मागे यार्डातल्या दुसऱ्या दोन मालकांना जीपमधून यायला लावलं होतं. वर आल्यावर त्यांच्यासमोर बॉनेट उघडून पंप दाखवला, त्यावर हात ठेवायला लावला. त्यातल्या एकाची डिसोटो पुढच्या सोमवारी आमच्या दारात उभी होती. आबांनी या उपकाराचा उच्चार नंतर कधीही केला नाही, आणि शेवटचा हप्ता मात्र ठरल्याप्रमाणेच दिला.

पुढची वर्षं काम सरळ चालत राहिलं. पेट्रोलच्या गाड्या संपल्या. मग ज्या गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले त्यांत टाटाचं चार सिलिंडरचं ४९७ घालणं सुरू झालं. प्लेट, डायल, डॉवेल तेच. आता एक गोष्ट वाढली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मनाने करता येत नाही. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, त्याचा नंबर आणि बिल जपून ठेवा. भंगारातलं बिनबिलाचं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी आम्ही हात लावत नाही.

आबांची फार्गो त्यांच्या नातवाने विकली नाही. वर्षातून दोनदा ती आमच्याकडे येते. परवा क्लच उघडला. क्लचचं फेसिंग झिजलंय, क्लच शाफ्टचं टोक धरणारं पायलट बेअरिंग वाजतंय. प्लेट तात्याने कापलेली, दुरुस्त करून घेतलेली तीच आहे. डायल लावला. काटा चार थाऊवर थांबला. क्लच नवा घालतोय, प्लेट तशीच ठेवतोय.